गोळीच्या आधीची गोष्ट

फराळाच्या ताटापुढे प्लेगची गोष्ट काढणे शिष्टसंमत नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा १९७९ सालचा चित्रपट गेल्या महिन्यात शेलूबाजारात आमच्या ओसरीवर चार शेजाऱ्यांसह पुन्हा पाहिला, आणि तो संपल्यावर जो वाद जुंपला तो अद्याप मिटलेला नाही. तेव्हा वाचकांनी करंजी खात खातच ऐकावे.

चित्रपट चांगला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. चाफेकर बंधूंना त्यात देव्हाऱ्यात बसवलेले नाही. त्यांचे धैर्य जसे दिसते तसे त्यांचे कर्मठपणही दिसते. तेंडुलकरांचे संवाद कोठे गळा काढीत नाहीत. सदाशिव अमरापूरकरांचे टिळक तर व्याख्यानाच्या तसबिरीतून उतरलेले वाटत नाहीत, विचार करणारे गृहस्थ वाटतात. आपल्याकडील ऐतिहासिक चित्रांत हे दुर्मिळच.

आमचे शेजारी गुरुजी चित्रपट संपताच उसळून म्हणाले, "२०२० साली आपल्यावर हेच झालं. तोच कायदा, तोच रँड!" कायद्याविषयी ते चुकले नाहीत. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झालेला साथरोग कायदा अवघ्या चार-पाच कलमांचा. सरकारला वाटतील ते नियम करता येतील, ते मोडणाऱ्यास शिक्षा होईल आणि सद्‌हेतूने वागणाऱ्या अंमलदारावर दावा चालणार नाही, एवढेच त्याचे सार. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच बाहेर काढण्यात आला. रोग्याचा हक्क कोणता, याविषयी त्या मूळ कायद्यात एक ओळ नव्हती.

पण आमची सून आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. ती भांडी उचलता उचलता म्हणाली, "मामाजी, त्या घरातल्या दुखणेकऱ्याचं पुढं काय झालं, थे त कोणीच नाई दाखवलं."

आमच्या मते चित्रपटावरची खरी टीका हीच. सोजीर घरात शिरतात, चूल आणि देवघर बाटते, घरधनी संतापतो. हे सारे मनावर ठसते. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या आजाऱ्याचा चेहरा मात्र लक्षात राहत नाही. प्लेग येथे रोग म्हणून येतच नाही, तो अपमानाचे निमित्त म्हणून येतो. आणि नावच पाहा: चित्रपटाला नाव दिले ते गोळीच्या रात्रीचे. राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतून परतताना रँडवर गोळी झाडली गेली. पण घरझडतीची मोहीम तर मे महिन्यातच थांबली होती! म्हणजे गोळी नियमावर नव्हती, झालेल्या अपमानावर होती. दामोदर हरि चाफेकरांचे तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त वाचले तर हे अधिकच पटते. त्यात बापाची कीर्तने आहेत, सैन्यात शिरण्याची हौस आहे, मुंबईत राणीच्या पुतळ्याला फासलेले डांबर आहे, सुधारकांवरचा जळफळाट आहे. राग प्लेगच्या फार आधीचा होता.

या गोळीच्या आवाजात त्या वर्षीचे बाकीचे पुणे आपल्या लेखनातून हरवले. टिळकांनी सोजिरांच्या जुलमावर कडक लिहिले, पण त्यांनीच हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला आणि शहर सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांना बोल लावले. सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. गोखल्यांनी विलायतेत स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोप केला, परत आल्यावर पुरावा मिळेना, म्हणून जाहीर माफी मागितली आणि स्वकीयांच्या शिव्या खाल्ल्या. एका नाटककाराला याहून मोठा विषय कोणता हवा? पण माफी मागणारा नायक आपल्याला रुचत नाही.

गुरुजींचे म्हणणे आम्ही अगदीच उडवून लावीत नाही. सत्तेला अशा वेळी हात सैल सोडण्याची सवय लागते, हे खरेच. पण आमच्या वाशीम जिल्ह्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी बाजूही पाहिली. २३ तारखेला एका मंत्र्यांच्या भेटीसाठी पोहरादेवीला हजारोंची गर्दी लोटली. नियम साऱ्यांना ठाऊक होते, कोणी अडवले नाही. त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक मुले बाधित निघाली. दोहोंचा परस्परसंबंध होता असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, गर्दीत जायचे की नाही हे मोठ्यांना ठरवता येते. वसतिगृहातल्या पोराला कोण विचारतो?

आणखी एक गोष्ट आहे, ती त्या वादात आम्ही बोललो नाही. २०२० च्या एप्रिलात जवळच्याच एका खेड्याच्या वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या. आम्ही आतल्या बाजूला उभे होतो. नागपूरच्या रस्त्याने चालत निघालेला एक गडी, बरोबर बायको आणि कडेवर पोर, पाणी मागू लागला. आम्ही घागर काट्यांपलीकडे ठेवली, दहा पावले मागे सरलो आणि "पुढं जा बाबा" म्हणालो. सावलीला बसू दिले नाही. कोणी सोजीर आमच्या पाठीशी उभा नव्हता, कोणाचा लेखी हुकूम नव्हता. आम्ही भ्यालो होतो, एवढेच. त्या चित्रपटात रँड ओळखायला सोपा आहे: तो गोरा आहे, घोडागाडीतून येतो. आमच्या वेशीवरचा रँड धोतर नेसलेला होता, आणि त्याच्या घरी म्हातारी आई दम्याने आजारी होती, हेही खोटे नव्हे. हे दोन्ही एका माणसात दाखवणारे नाटक वा चित्र मराठीत आमच्या पाहण्यात नाही.

गुरुजी म्हणतात, दिवाळीनंतर पुन्हा तोच चित्रपट लावा. सुनेची हरकत नाही. तिची अट एवढीच की, सुरुवातीचा प्लेगचा भाग थांबवून थांबवून पाहायचा.