वाद, वितंडा आणि अध्यक्षांची खुर्ची

आजच्या विषयासाठी फार दूर जायची गरज नाही. सप्टेंबर संपत आला की आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत सभांचा हंगाम सुरू होतो. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, एकेका कारखान्याचे हजारो सभासद. मांडव पडतो, अहवालाचं पुस्तक आधीच घरी आलेलं असतं, विषयपत्रिका वाचली जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या विषयाला कोणीतरी उठून ओरडतो. मग माईकची ओढाताण होते. एका बाजूनं 'मंजूर, मंजूर', दुसऱ्या बाजूनं 'नामंजूर'. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येतो, 'सभेत गोंधळ'. कारखान्याचं नाव बदलून तोच मथळा वर्षानुवर्षं छापला तरी चालेल, इतका तो ठरून गेला आहे.

त्या 'गोंधळ' या शब्दावर आमचा आक्षेप आहे. गोंधळ म्हटलं की सगळे सारखेच दोषी होतात. ज्यानं ताळेबंदातल्या एका आकड्यावर प्रश्न विचारला तो, ज्यानं त्याला आईवरून शिवी दिली तो, आणि ज्यानं माईक बंद करायला खूण केली तो, तिघंही एकाच पोत्यात. टीका करायची तर पहिल्यांदा हे पोतं सोडून बघावं लागतं.

आमचा धंदा तत्त्वज्ञान शिकवण्याचा, त्यामुळे गौतमाच्या न्यायसूत्रांकडे वळतो. कंटाळू नका, हे आपल्या मांडवातलंच प्रकरण आहे. गौतमानं चर्चेचे तीन प्रकार सांगितले. वाद, म्हणजे दोघांनाही खरं काय ते शोधायचं आहे. जल्प, म्हणजे जिंकायचं आहे, त्यासाठी आडमार्गही चालेल. आणि वितंडा, म्हणजे स्वतःची बाजूच मांडायची नाही, फक्त समोरच्याचं पाडायचं. आपण मराठीत 'वितंडवाद' म्हणतो तो इथूनच आला. चरकानं वैद्यांच्या चर्चेतही असाच फरक केला आहे, मैत्रीनं केलेली संधाय संभाषा आणि भांडून केलेली विगृह्य संभाषा.

आता इथं एक गोष्ट बघा. गौतमानं जल्प आणि वितंडा यांना हाकलून दिलेलं नाही. बी उगवून आलं की त्याभोवती काटेरी फांद्या लावतात, तसा त्यांचा उपयोग आहे, असं त्याचं म्हणणं. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे आमच्यापेक्षा जास्त कळतं. कुंपण काटेरीच असावं लागतं. पण रानात नुसतंच कुंपण लावून पीक येत नाही.

पुढं त्यानं बावीस निग्रहस्थानं सांगितली. म्हणजे चर्चेत माणूस हरला असं जिथं जाहीर करायचं अशा बावीस जागा. त्यातली काही नावं ऐका आणि आपली सभा डोळ्यांपुढं आणा. विषय सोडून भलतंच बोलणं, हे अर्थांतर. तेच तेच पुन्हा सांगणं, पुनरुक्त. 'तुमच्या काळात काय झालं ते आधी सांगा', म्हणजे आपल्यावरच्या दोषाला उत्तर न देता तोच दोष समोरच्यावर टाकणं, याचं नाव मतानुज्ञा. यात गंमत अशी की असं बोलणारा स्वतःवरचा दोष मान्यच करून बसतो. आणि दुसरं काही काम असल्याचं निमित्त करून चर्चा मध्येच तोडणं, हा विक्षेप. ऐनवेळचे विषय यायच्या आत राष्ट्रगीत सुरू करून सभा गुंडाळण्याची जी कला आपल्याकडं ठिकठिकाणी विकसित झाली आहे, तिला गौतमाच्या यादीत नाव आहे. राष्ट्रगीताच्या वेळी उभं राहायचंच असतं, आणि उभं राहिलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही. हा डाव ज्याला पहिल्यांदा सुचला तो हुशार खरा.

पण या बावीस जागांमध्ये शिवी नाही. कठोर बोलणं, आवाज चढवणं, अपमान, यातलं काहीच त्या यादीत नाही. ते सभ्य होतं असं गौतम मानत नव्हता. एवढंच की त्याच्या लेखी चर्चेतला गुन्हा म्हणजे उत्तर चुकवणं. आपण नेमकं उलट करतो. आवाज चढला की अध्यक्ष जागे होतात. उत्तर चुकवलं गेलं तेव्हा मात्र ते पुढच्या विषयाचं वाचन सुरू करायला सांगतात. शिस्त कोणाला लावली गेली? ज्याला मांडता येत नाही म्हणून ओरडावं लागलं, त्याला. ज्याला गोड बोलून टाळता येतं, त्याला नाही.

याला कारण आहे. मराठी सभेत अध्यक्षपद हा मान असतो, काम नसतं. अमुक यांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं अशी सूचना येते, अनुमोदन होतं, हार पडतो, नारळ मिळतो, आणि शेवटी सगळे उठायला लागलेले असताना अध्यक्षीय भाषण. मधल्या दोन तासांत अध्यक्षानं काही करायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. कारखान्याच्या सभेत तर याहून वाईट. तिथं खुर्चीवर बसतो संचालक मंडळाचा चेअरमन. ज्या अहवालावर प्रश्न येणार तो अहवाल त्याचा, उत्तर द्यायची जबाबदारी त्याची, आणि कोणाला बोलू द्यायचं हेही तोच ठरवणार. जुन्या वादपद्धतीत मध्यस्थ दोन्ही पक्षांना मान्य असावा लागे. इथं पक्षकारच मध्यस्थ! मग विरोधी सभासदाला वाटतं की नियमानं बोलून आपली पाळी यायचीच नाही. त्यानं व्यासपीठाकडं धाव घेतली तर ती चूकच, पण आपण धावणाऱ्याचाच फोटो छापतो. माईक ज्याच्या हातात होता त्याचा कोणी छापत नाही.

आता जवळचं उदाहरण घेऊ. कोणाला बोचेल, पण टाळण्यात अर्थ नाही. एप्रिल २०१३, मोठा दुष्काळ. उजनीतून पाणी सोडावं म्हणून सोलापूरकडचे एक शेतकरी कार्यकर्ते मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. इंदापूर तालुक्यातल्या निंबोडीच्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार त्या उपोषणावर बोलताना जे म्हणाले ते तुम्हाला पाठ आहे, आम्ही पुन्हा उच्चारत नाही. राज्यभर संताप झाला. त्यांनी माफी मागितली, कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आत्मक्लेश म्हणून दिवसभर उपोषण केलं. माफी मागणं आपल्या राजकारणात दुर्मिळ आहे, ते त्यांच्या बाजूनं नोंदवलंच पाहिजे.

पण आमची टीका वेगळी आहे. त्या भाषणावर जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी अश्लीलतेची झाली. शब्द वापरावा की नाही, माफी पुरेशी की राजीनामा हवा. उजनीचं पाणी सोलापूरचं किती आणि इंदापूरचं किती, हा ज्या प्रश्नासाठी माणूस उपाशी बसला होता, तो बाजूला पडला. पुढं २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी देण्याचा निर्णय झाला, सोलापूर पेटलं, आणि सरकारला तो रद्द करावा लागला. म्हणजे आठ वर्षांनी तोच प्रश्न तिथंच उभा. २०१३ चं ते वाक्य आज शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्या उपोषणकर्त्याची मागणी काय होती हे या सभागृहात किती जणांना सांगता येईल?

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञानं १८५९ साली स्वातंत्र्यावर जो निबंध लिहिला, त्यात कठोर भाषेबद्दल एक मार्मिक मुद्दा आहे. तो म्हणतो, ज्यांच्या हाती सत्ता आणि बहुमत आहे त्यांच्या शिव्यांनी जास्त नुकसान होतं, कारण त्यामुळे दुबळ्या बाजूची माणसं तोंड उघडायलाच घाबरतात. दुबळ्याची शिवी त्याचं स्वतःचंच नुकसान करते. म्हणून लगाम घालायचाच असेल तर आधी बलवानाला. आपल्या आगरकरांनी मिल चांगला पचवला होता. मिलचा दुसरा दाखलाही घ्या. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत छापायला कोणी आडवू नये. पण व्यापाऱ्याच्या दारात चिडलेला जमाव उभा असताना तेच ओरडून सांगितलं, तर शिक्षा योग्य. 'व्यापारी' काढून 'कारखाना' घाला. 'काटा मारतात' हे गावच्या पारावर म्हणणं आणि वजनकाट्यावरच्या पोराभोवती पन्नास जण जमवून म्हणणं यांत फरक आहे. अध्यक्षानं शब्दकोश घेऊन बसू नये. कोणाच्या अंगावर हात पडायची वेळ आली आहे का, ते बघावं.

तुम्ही म्हणाल, सर, हे पुस्तकी झालं. जो मुद्दाम सभा उधळायलाच येतो त्याचं काय? रास्त प्रश्न आहे, कारण असे लोक असतात. १८९१ साली संमतिवयाच्या विधेयकाला पाठिंबा देणाऱ्या सुधारकांची सभा पुण्यात क्रीडाभुवनात भरली आणि विरोधकांनी ती उधळून लावली. विधेयक त्याच मार्चमध्ये मंजूर झालं, ते काही थांबलं नाही. तेव्हा बाहेर काढण्याचा अधिकार हवाच. प्रश्न इतकाच की किती काळ, आणि कोणत्या रीतीनं.

याचा सगळ्यात स्वच्छ धडा आपल्याच विधानसभेनं दिला, तोही नकळत. ५ जुलै २०२१. ओबीसी आरक्षणाच्या ठरावावरून गदारोळ झाला. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांना दालनात शिवीगाळ झाली असा आरोप झाला, समोरच्यांनी तो नाकारला. सभागृहानं भाजपच्या बारा आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केलं. अधिवेशन होतं दोन दिवसांचं! सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०२२ रोजी ते निलंबन रद्द केलं. आता निकालाचा आशय नीट समजून घ्या. सभागृहाला शिस्त लावता येत नाही असं न्यायालय म्हणालं नाही. नियम ५३ मध्ये पायऱ्या आहेत. आधी बाहेर जायला सांगा, मग त्या दिवसापुरतं, पुन्हा घडलं तर त्या अधिवेशनापुरतं. कामकाज सुरळीत चालावं एवढ्यासाठी ती ताकद दिलेली आहे. अधिवेशनापलीकडचं निलंबन हे शिस्त न राहता शिक्षा होते, आणि ती शिक्षा आमदारापेक्षा मतदारसंघाला होते. हकालपट्टी झाली असती तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक तरी झाली असती. निलंबनात वर्षभर खुर्ची रिकामी, आणि बहुमत आपोआप सोपं.

सहकार कायदाही इथं शहाणा आहे. कलम ३५ प्रमाणे सभासदाला काढायचं तर त्यासाठीच बोलावलेल्या सभेत तीन-चतुर्थांश बहुमत लागतं, त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि निबंधकांची मान्यता लागते. भांडखोराला हाकलणं मुद्दाम अवघड करून ठेवलं आहे. तेच बरोबर आहे, कारण उसाचं टिपरू त्याचंही आहे.

न्यायसूत्रांतली दोन निग्रहस्थानं आम्ही राखून ठेवली होती. एक पर्यनुयोज्योपेक्षण, म्हणजे पकडायला हवी ती चूक न पकडणं. दुसरं निरनुयोज्यानुयोग, म्हणजे चूक नसताना चूक झाली म्हणून धरणं. दोन्ही सारखेच दोष. पहिल्याबद्दल भाष्यकार वात्स्यायन म्हणतो की हे दाखवून देण्याचं काम परिषदेचं, म्हणजे जमलेल्या सभेचं. जो सापडायचा तो वाचला, तर तो स्वतः होऊन कशाला सांगेल? म्हणजे अध्यक्ष गप्प बसला तर जबाबदारी मांडवात बसलेल्यांवर येते. आपल्यावर.

आणि इथंच आम्हाला आजची खरी काळजी वाटते. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. मे २०२४ मध्ये लोकसभेला नणंद विरुद्ध भावजय, नोव्हेंबरात विधानसभेला काका विरुद्ध पुतण्या. इंदापुरातही पक्ष आणि झेंडे इतके बदलले की कार्यकर्त्यानं कोणाच्या नावानं जयजयकार करायचा हे सकाळी विचारून घ्यावं. लोकांनी यावर काय उपाय काढला? 'राजकारण सोडून बोला.' पारावर, लग्नाच्या पंगतीत, बांधावर भावाभावांत, सगळीकडं हाच ठराव झाला. आपण त्याला समंजसपणा म्हणतो. पण पाणी कोणाला, उसाला दर किती, सभासदत्व कोणाला, हे सगळं राजकारणच आहे ना? ते सोडून मग बोलायचं काय, पावसाचं? आणि पावसाचं बोलायला लागलं की उजनी येतेच.

बोलणं बंद झालं की प्रश्न मिटत नाहीत, ते फक्त सप्टेंबरच्या मांडवात एकदम फुटतात. वर्षभर पारावर तावातावानं भांडलेल्या माणसाला सभेत कमी ओरडावं लागतं, असं आमचं मत आहे.

आमची सूचना साधी आहे, आणि चेअरमन मंडळींना ती आवडणार नाही. खुर्चीवर कायद्यानं चेअरमन बसायचे तर बसोत, पण बोलण्याचा क्रम दोन्ही गटांना चालेल अशा एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या किंवा वकिलाच्या हाती द्यावा. नावं आधी लिहून घ्यावीत, ती क्रमानं पुकारावीत, प्रत्येकाला तीन मिनिटं. प्रश्नाला उत्तर आलं की नाही हे प्रश्न विचारणाऱ्यालाच विचारावं, आणि नाही म्हणाला तर इतिवृत्तात 'उत्तर मिळाले नाही' असं लिहावं. शिवी दिली तर त्याची पाळी त्या विषयापुरती संपली, पुढच्या विषयाला तो पुन्हा उठू शकतो. माईक स्टँडवर, मांडवाच्या मधोमध असावा, व्यासपीठावरच्या कोणाच्या हातात नाही. बटण कोणाकडं, हे सभेपूर्वी जाहीर करावं. आणि राष्ट्रगीत विषयपत्रिका पूर्ण झाल्यावरच.

वेळ संपत आली आहे. समोर काही चेहरे रागावलेले दिसतात, निंबोडीचा उल्लेख झाल्यापासून. त्यांनी नावं लिहून द्यावीत, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.