द्वार, दर आणि श्रोता : वॉशिंग्टनच्या हार्डकोर पंक चळवळीचे चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना :
कलाविचारात कलावंत व कलाकृती यांची चर्चा विपुल होते. श्रोता मात्र बहुधा गृहीत धरला जातो. लोकप्रिय संगीताच्या बाबतीत ते चालून जाते, कारण नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि ध्वनिमुद्रिका कंपन्या श्रोता आयता मिळवून देतात. मुख्य प्रवाहाबाहेरील रॉक बँडला तो आपल्याच शहरात एकेक करून जोडावा लागतो. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे १९८०च्या सुमारास उदयास आलेल्या हार्डकोर पंक या अतिवेगवान, आक्रमक रॉकप्रकाराने हे कार्य कसे साधले आणि ते कोठे अपुरे राहिले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रवेशाचा प्रश्न :
या संगीताचे वादक आणि श्रोते मुख्यतः शाळकरी वयाचे होते, तर रॉकचे कार्यक्रम मद्यविक्री करणाऱ्या क्लबांत होत. म्हणजे ज्यांच्यासाठी संगीत, त्यांनाच मज्जाव! १९८० मध्ये 'टीन आयडल्स' हा बँड कॅलिफोर्नियाच्या दौऱ्यावर गेला असता सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने या मुलांच्या हातांवर काळी फुली काढून त्यांना आत घेतले. फुली असलेल्यास मद्य द्यायचे नाही, एवढाच तिचा अर्थ. परतल्यावर त्यांनी हीच युक्ती वॉशिंग्टनमध्ये सुचविली आणि ती स्वीकारली गेली. पुढे ही फुली व्यसनमुक्त जीवनाचे प्रतीक बनली आणि अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने त्या नैतिक अर्थाकडे वेधले गेले. वस्तुतः तिचे मूळ व्यावहारिक आहे. ती आधी प्रवेशपत्रिका होती, तत्त्वज्ञान नंतर झाली.

स्थळ आणि दर :
क्लबांखेरीज चर्चची सभागृहे व वस्त्यांतील सामाजिक केंद्रे येथेही कार्यक्रम होऊ लागले. मराठी वाचकास येथे दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७०च्या दशकात बहरलेल्या प्रायोगिक रंगभूमीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दोन्ही ठिकाणी साधनांची उणीव होती. पण नव्या प्रयोगाला प्रेक्षक जेथे निःसंकोच येऊ शकेल अशी जागा होती.

'टीन आयडल्स'ने कार्यक्रमांतून साठविलेल्या पैशांतून १९८० मध्येच 'डिस्कॉर्ड' ही ध्वनिमुद्रिका संस्था उभी राहिली. तिचे एक संस्थापक इयन मॅकाय यांच्या 'फुगाझी' या बँडने (१९८७-२००३) हे धोरण अधिक काटेकोर केले. सर्व वयोगटांना प्रवेश आणि सामान्यतः पाच डॉलर तिकीट हा त्यांचा दंडक होता. स्वतःच्या शहरातील त्यांचे बहुतांश कार्यक्रम विनामूल्य किंवा एखाद्या सामाजिक कार्याच्या मदतीसाठी असत. गर्दीत धसमुसळेपणा करणाऱ्यास समज दिली जाई. न ऐकल्यास पाच डॉलर परत करून त्याला बाहेर पाठविले जाई. श्रोता वाढविण्यासाठी एखादा श्रोता गमावणे हा वरकरणी विरोधाभास वाटतो. परंतु रंगमंचासमोरील जागा दांडगटांच्या ताब्यात गेली की मुली व लहान मुले मागे सरतात, हे ध्यानात घेता त्यामागील विवेक स्पष्ट होतो.

मर्यादा :
तथापि या यशाचे निःशंक गौरवीकरण करता येत नाही. १९८०च्या जनगणनेनुसार वॉशिंग्टनची सुमारे ७० टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. हार्डकोरचा श्रोता मात्र बहुतांशी गौरवर्णीय राहिला. या संगीताचा पाया घालणारा 'बॅड ब्रेन्स' हा कृष्णवर्णीय वादकांचा बँड. त्यालाच या शहरात क्लबांची दारे बंद झाली आणि त्याने न्यूयॉर्कची वाट धरली. त्याच काळात याच शहरात चक ब्राउन यांच्या पुढाकाराने घडलेल्या 'गो-गो' या तालप्रधान संगीताला मोठा स्थानिक श्रोता लाभला होता. सप्टेंबर १९८३ मध्ये 'मायनर थ्रेट' हा हार्डकोर बँड आणि 'ट्रबल फंक' हा गो-गो बँड एकाच रंगमंचावर आले. दोन श्रोतृवर्गांना जोडणारा हा प्रयत्न महत्त्वाचा खरा. पण तो 'मायनर थ्रेट'चा अखेरचा कार्यक्रम ठरला आणि त्यातून कायमची परंपरा निर्माण झाली नाही. 'स्थानिक' या शब्दात शहराचा केवढा भाग सामावतो, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, अल्पपरिचित संगीताचा श्रोता केवळ जाहिरातीने घडत नाही. प्रवेशाच्या अटींनी तो घडतो. कोणत्या वयाला, किती पैशांत, कोणत्या जागी आणि किती निर्भयपणे उभे राहता येते, यावर त्याचे परत येणे अवलंबून असते. वॉशिंग्टनच्या तरुणांनी वय आणि पैसा यांचे अडसर दूर केले. वर्णाचा अडसर त्यांना पुरता हटविता आला नाही. म्हणून अशा चळवळीचे मूल्यमापन करताना सभागृहात किती जण जमले, याबरोबरच दाराबाहेर कोण राहिले, हेही पाहणे अगत्याचे ठरते.