चिकलठाण्याचा जमाखर्च

आईचे गुडघे आगगाडीला तयार होईनात, म्हणून गिरगावातून आम्ही थेट विमानानं निघालो. अजिंठ्याचा पद्मपाणी बघायची तिची फार दिवसांची इच्छा.

चिकलठाण्याचा विमानतळ मला आवडला. बेताचा आहे, माणूस हरवत नाही. आक्षेप एवढाच, की त्याला अजिंठा-वेरूळचा विमानतळ म्हणतात. शहरापासून वेरूळ ३० किलोमीटर, ते ठीक. पण अजिंठा १००! म्हणजे कर्जतला उतरवून 'आलं हो गिरगाव' म्हणण्यातलाच प्रकार. औरंगाबादचं २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं, अंतर मात्र होतं तेवढंच राहिलं. हवेत जमा केलेला तास रस्त्यावर व्याजासकट खर्ची पडतो.

त्यात मी बँकवाला. रविवारला जोडून सोमवारची रजा टाकली. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी! हे आधी बघायला हवं होतं, चूक माझीच.

सोमवारी वेरूळच केलं. कैलास लेण्यापुढे मी विद्वत्ता पाजळली, "आई, हे कळसापासून खाली कोरत आणलंय."

"आपणही वरूनच आलो की," आई म्हणाली.

रात्री परतीच्या विमानात पट्टा आवळताना तिनं हळूच विचारलं, "मंगळवारची रजा मिळते का रे तुला?"