धुण्याच्या उपमेपेक्षा गुऱ्हाळ बरे

डेव्हिड पॅटरसन आणि जॉन हेनेसी यांचे संगणक-रचनेवरील पाठ्यपुस्तक 1994 साली प्रथम निघाले. पाइपलाइन समजावण्यासाठी त्यांनी घेतलेली धुण्याची उपमा तेव्हापासून जगभरच्या वर्गांत फिरते आहे. धुणे, वाळवणे, घड्या घालणे, कपाटात ठेवणे असे अर्ध्या अर्ध्या तासाचे चार टप्पे. पहिली खेप वाळत असताना दुसरी धुवायला टाकली, तर चार खेपांचे 8 तासांचे काम साडेतीन तासांत होते. प्रोसेसरही असेच करतो : एक आज्ञा पार पडत असताना पुढची आत घेतो. इथपर्यंत उपमा चोख आहे. साताऱ्या-सांगलीकडे कपडे दोरीवर वाळतात, त्यामुळे वाळवणीचे यंत्र मुलांना आधी समजावून द्यावे लागते. पण ती अडचण किरकोळ.

खरी अडचण येते शाखा-आज्ञेपाशी. 'गुण 35 पेक्षा कमी असतील तर अमुक आज्ञेकडे जा' ही आज्ञा घ्या. गुणांची तुलना पाइपलाइनच्या पुढच्या टप्प्यात होणार, आणि पुढची आज्ञा तर आत्ताच आत घ्यायची आहे. कोणती घ्यावी?

यासाठी लेखकद्वय फुटबॉल संघाचे मळके गणवेश आणते. साबण आणि पाण्याची उष्णता बरोबर होती का, हे पहिली खेप वाळल्यावर कळणार. तोवर थांबा, किंवा बरोबर आहे असे धरून दुसरी खेप टाका; चुकलात तर ती पुन्हा धुवा. माझा आक्षेप या 'पुन्हा धुवा'वर आहे. अंदाज चुकला तरी कपडे तेच राहतात. प्रोसेसरमध्ये तसे नसते. तिथे आत आलेल्या आज्ञा आत यायलाच नको होत्या. त्या पुन्हा करायच्या नसतात, टाकून द्यायच्या असतात आणि त्यांच्या जागी दुसऱ्याच आणायच्या असतात. विद्यार्थ्याच्या मनात इथे जो गोंधळ बसतो, तो नंतर सहज निघत नाही.

कराडपासून वाळव्यापर्यंतच्या मुलांना गुऱ्हाळ सांगून पाहावे. काहिलीत रस उकळत असताना चरक पुढचा ऊस गाळत असतो, ही पाइपलाइनच. आता समजा, मालकाने ठरवले : पहिला गूळ चांगला उतरला तर पुढे खोडव्याचा ऊस, नाही तर लागणीचा. गुळव्या काहील उतरवीपर्यंत चरक थांबवला तर वेळ गेला. खोडवा घातला आणि अंदाज चुकला, तर हौदातला रस ओतून द्यायचा. टप्पे जितके जास्त, तितके नुकसान मोठे. 2004 च्या पेंटियम 4 'प्रेस्कॉट'मध्ये टप्पे 31 होते. चार टप्प्यांच्या धुण्यात ही धास्ती जाणवतच नाही.

अंदाज अनुभवाने सुधारतो. 40 मुलांच्या वर्गाचे गुण मोजताना 'अजून कोणी उरले का?' या प्रश्नाला 39 वेळा 'हो' आणि एकदा 'नाही' असे उत्तर येते. फक्त शेवटचे उत्तर लक्षात ठेवले, तर अंदाज वर्ग संपताना एकदा चुकतो आणि पुढच्या वर्गाच्या आरंभी पुन्हा चुकतो. जेम्स स्मिथ यांनी 1981 साली मांडलेला दोन बिटांचा गणक लागोपाठ दोन चुका झाल्याशिवाय मत बदलत नाही, त्यामुळे तो एकदाच चुकतो.

गुऱ्हाळही सर्वांगी जुळत नाही. मालकाला विचाराला सवड असते. प्रोसेसरला घड्याळाच्या ठोक्यासरशी अंदाज हवा असतो. पण एका बाबतीत ते धुण्यापेक्षा फार पुढे जाते. ओतून दिलेल्या रसाचा चिकटा हौदाला राहतो. जानेवारी 2018 मध्ये उघड झालेला 'स्पेक्टर' दोष याच जातीचा होता : रद्द केलेल्या आज्ञांनी कॅश स्मृतीत आणलेली माहिती तिथेच राहत होती, आणि कोणता पत्ता लवकर वाचला जातो हे मोजून दुसऱ्याची गुपिते ओळखता येत होती.