‘एकटाच आहेस ना, मग तू जा’ : बदलीच्या जीआरचं एक वाचन

समीक्षा म्हटलं की आपल्याला कथा-कविता आठवतात. आज मी एक जीआर वाचणार आहे. हसू नका. ग्रामविकास विभागाचा, 27 फेब्रुवारी 2017 चा, जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्यांचा. शहापूर-मुरबाडच्या गुरुजी-बाईंचं आयुष्य एखाद्या कादंबरीपेक्षा या कागदानं जास्त ठरवलंय. पुढे धोरणं बदलली, पण मी बोलतोय ते या मूळ मांडणीबद्दल.

या जीआरमध्ये दोन खास वर्ग आहेत. भाग एकमध्ये दिव्यांग, पक्षाघात किंवा कर्करोग झालेले, विधवा, परित्यक्ता आणि ‘कुमारिका’. भाग दोन म्हणजे पती-पत्नी एकत्रीकरण: दोघांच्या शाळांमध्ये 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर प्राधान्य. आता यादी पुन्हा ऐका. लग्न न केलेली बाई कुठे बसलीय? आजारी आणि निराधार माणसांच्या रांगेत. आणि लग्न न केलेला पुरुष? तो यादीत नाहीच. म्हणजे एकीची कीव, दुसऱ्याची नोंदच नाही. मग शाळेत म्हणतात, ‘तू एकटाच आहेस ना, तू जा डोळखांबच्या पुढे.’ टोकावड्याच्या बाजूलाही हेच वाक्य.

याचा एसेक्शुअल आणि एरोमँटिक माणसांशी संबंध काय? काहींना कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटत नाही, किंवा फार क्वचित वाटतं, ते एसेक्शुअल. काहींना प्रेमात पडण्याची ओढच नसते; ते एरोमँटिक. हा आजार नाही. ब्रह्मचर्यही नाही, कारण ब्रह्मचर्य हे घेतलेलं व्रत असतं. हा स्वभाव आहे. सगळे अविवाहित असे नसतात, आणि असे सगळे अविवाहितही नसतात. पण सरकारी कागद त्यांना गाठतो तो लग्नाच्या रकान्यातच.

आता आपल्या संघटनांबद्दल बोलतो, कारण मी स्वतः सभासद आहे. आपल्याकडे अविवाहित पूर्णवेळ कार्यकर्त्याला मोठा मान आहे. चळवळीसाठी संसार केला नाही, केवढा त्याग! आणि ज्याला मुळात संसार नकोच आहे, त्या साध्या सभासदाची मात्र चहाच्या टपरीवर चेष्टा. त्याग केला तर संत, इच्छाच नसली तर ‘काहीतरी गडबड आहे’. हा दुटप्पीपणा आपलाच आहे, सरकारचा नाही.

मग करायचं काय? ‘तुम्ही असे असाल तर पुढे येऊन सांगा’ असं आवाहन करू नका. आसनगावला गाडीत बोललेलं संध्याकाळपर्यंत पाड्यावर पोचतं. ओळख न विचारता नियम बदला. जोडप्यांची सवलत काढायला मी सांगत नाहीये. ती मिळवायला माणसं झगडली आहेत. मागणी अशी हवी की अंतर मोजताना जोडीदाराइतकंच म्हाताऱ्या आईला, अपंग भावालाही धरा.

दुसरं, मुरबाड एमआयडीसीतल्या कामगारासाठी. पीएफच्या योजनेत ‘कुटुंब’ म्हणजे जोडीदार, मुलं, अवलंबून असलेले आईवडील. भाऊ-बहीण त्यात नाहीत, मित्र तर नाहीच. कुटुंब असेल तर नॉमिनी त्यातलाच लागतो. पण ज्याला या व्याख्येतलं कुणीच उरलं नाही, तो कुणाचंही नाव देऊ शकतो. मात्र नाव द्यावं लागतं! नाही दिलं, तर वीस वर्षं एका खोलीत राहून आजारपण काढलेल्या मित्राच्या हाती काही येत नाही. युनियननं वर्षातून एकदा गेटवर बसून नॉमिनेशन तपासून द्यावं. सगळ्यांचंच. म्हणजे कुणाकडे बोट जाणार नाही.

शेवटी एक आठवण. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. ती सुट्टी प्रपंच असलेल्यालाही मिळाली आणि नसलेल्यालाही. रविवारी तू घरी कुणाकडे जातोस, हे कुणी विचारलं नाही. आपल्या पुढच्या मागणीपत्रकात तेवढंच शहाणपण असू दे.

आता प्रश्न घेऊ.