नमुना आणि लुगडे : फॉर्ब्स वॉटसनच्या वस्त्रखंडांविषयी

हिंगणघाट तालुक्यातील वडनेरसारख्या कपाशीच्या गावातून जगाच्या इतिहासाकडे पाहू लागले, म्हणजे प्रथम कापसाच्या गाठी दिसतात. वस्त्र दिसत नाही. हा दृष्टिदोष आपल्या अभ्यासातही शिरला आहे. लँकेशायरला कच्चा माल पुरविणारा प्रदेश एवढीच वऱ्हाड-नागपूरची नोंद आपण करतो. वास्तविक क्रम उलटा आहे. हिंदी छिटांचा मोह आवरेना, म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटला १७०० व १७२१ साली निर्बंध घालावे लागले. आणि त्या कापडाची बरोबरी करण्याच्या धडपडीतून तेथील यंत्रविद्येस चालना मिळाली, हे प्रसन्नन् पार्थसारथी यांचे प्रतिपादन (२०११) मला मान्य आहे. मात्र बरोबरी नेमकी कशाची करावयाची होती?

याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते. लंडनच्या इंडिया म्युझियममधील जॉन फॉर्ब्स वॉटसन याने १८६६ साली ७०० नमुन्यांचे १८ खंड सिद्ध केले. असे २० संच होते. १३ ब्रिटनसाठी, ७ हिंदुस्थानसाठी. हेतू उघड व्यापारी, आणि आपले टीकाकार बहुधा येथेच थांबतात. परंतु सोबतच्या ग्रंथात वॉटसन कारखानदारांस बजावतो की, धोतर, लुगडे, पागोटे ही न शिवता वापरावयाची वस्त्रे होत. त्यांची लांबी-रुंदी, काठ व पदर मागावरच ठरतात. तेथे चूक झाली तर उत्तम पोताचे कापडही विकले जाणार नाही. म्हणजे विणकराच्या कौशल्यात नेसणारीचे शरीर आणि तिची नेसण्याची रीत आधीच गृहीत असते. हे एवढ्या स्पष्टपणे आपल्याकडील किती स्तुतिपाठकांनी सांगितले आहे?

आणि तरीही त्याने वस्त्रे कापली! तुकड्यात सूत दिसते, रंग दिसतो, काठाचा अंश दिसतो; निऱ्या कोठे पडतात, पदर कोठे सुरू होतो, हे नाहीसे होते. नमुन्याखाली लांबी, रुंदी, वजन नोंदवून ही उणीव भरून काढण्याचा त्याचा यत्न प्रामाणिक खरा, पण अपुरा.

वर्ध्याचे मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते १९३८ साली उघडले गेले. तेथे चरख्यास मानाचे स्थान आहे, आणि ते योग्यच. तथापि खादीच्या विचारातही सूतकताईपुढे विणकराचा अनुभव मागे पडला, असे मला वाटते. हातसुताचा ताणा वारंवार तुटतो, म्हणून कित्येक विणकर ते सूत मागावर चढविण्यास नाखूष असत. ही कुरकुर आळसाची नव्हती, ती त्यांच्या विद्येतून आलेली समीक्षाच होती.