‘नैसर्गिक निवड’: एका शब्दाच्या मुळाशी

उत्क्रांतीवरच्या मराठी लेखनात एक विधान वारंवार भेटते: चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना एकाच सुमारास एकच कल्पना सुचली. मग श्रेय कोणाचे, यावर चर्चा रंगते. मी स्वतः वर्गापेक्षा वाचनालयात अधिक शिकलो. त्यामुळे चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटलेल्या, जमीनमोजणीची कामे करत निसर्ग शिकलेल्या वॉलेसकडे माझा ओढा होता, हे आधीच कबूल करतो. पण दोघांचे लेखन शेजारी ठेवून वाचले, तेव्हा श्रेयाच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा असे वाटू लागले. कल्पना खरोखर एकच होती का?

घटनाक्रम परिचित आहे. डार्विनने १८४२ मध्ये टिपण आणि १८४४ मध्ये विस्तृत निबंध लिहून ठेवला होता, पण प्रसिद्ध केला नव्हता. फेब्रुवारी १८५८ ही तारीख असलेला, तेर्नाते बेटावरून पाठवलेला वॉलेसचा निबंध जूनमध्ये त्याच्या हाती पडला. लायेल आणि हुकर या मित्रांनी तोड काढली. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत आधी डार्विनचे उतारे आणि मग वॉलेसचा निबंध वाचला गेला. डार्विन हजर नव्हता. त्याचे तान्हे मूल तीनच दिवसांपूर्वी दगावले होते. वॉलेस न्यू गिनीत होता आणि त्याची परवानगी कोणी विचारली नव्हती. त्याने पुढे तक्रार केली नाही, उलट १८८९च्या आपल्या पुस्तकाला ‘डार्विनिझम’ असे नाव दिले. या सौजन्यामुळेच दोघांमधला फरक झाकला गेला, असे माझे मत आहे.

तो फरक सुरुवातीलाच आहे. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’चे पहिले प्रकरण पाळीव प्राणी आणि पिकांवर आहे. डार्विनने स्वतः कबुतरे पाळली आणि कबुतरबाजांच्या मंडळींत तो ऊठबस करू लागला. पाळणारा माणूस हवी ती जोडी निवडतो आणि पिढ्यांमागून पिढ्या नवे वाण घडवतो. माणूस हे करू शकतो तर निसर्ग का नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. ‘निवड’ हा शब्द त्याला तिथेच सापडला.

वॉलेसचा निबंध नेमका उलट टोकाकडून निघतो. पाळीव जनावरांवरून रानातल्या जनावरांविषयी काहीही अनुमान काढता येत नाही, असे तो बजावतो. गोठ्यातल्या जनावराला चारा मिळतो आणि राखणही मिळते. रानात एक अधू पाय पुरे होतो. त्याच्या निबंधात ‘नैसर्गिक निवड’ हा शब्दच नाही. वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेची उपमा मात्र आहे. तिथे निवडणारा कोणी नाही.

आपल्या भाषेत मात्र एकाच क्रियापदात हे दोन्ही अर्थ नांदतात. शेतकरी ज्वारीची टपोरी कणसे बियाण्यासाठी निवडतो, म्हणजे हवे ते राखतो. घरात तांदूळ निवडतात, तेव्हा खडे आणि किडके दाणे काढून टाकतात. उरेल ते शिजते. पहिली निवड डार्विनची, दुसरी वॉलेसची. २ जुलै १८६६च्या पत्रात त्याने डार्विनला जवळजवळ हेच सांगितले: निसर्ग चांगले वेचून घेतो असे नाही, तो बहुतांशी प्रतिकूल ते नष्ट करतो. ‘निवड’ म्हटले की वाचक निवडणारा शोधू लागतात, म्हणून हर्बर्ट स्पेन्सरचा ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा प्रयोग स्वीकारावा, असे त्याने सुचवले. त्याला क्रियापदाचा कर्ता करता येत नाही, अशी अडचण डार्विनने मांडली; तरी १८६९च्या पाचव्या आवृत्तीत तो प्रयोग घेतला.

येथे वॉलेसची बाजू सोडावी लागते. एक तर तांदळाच्या उपमेला मर्यादा आहे. खडे काढल्याने तांदळाला नवे वाण येत नाही. लहान लहान फरक पिढ्यानुपिढ्या साठत नवे रूप कसे उभे राहते, हे वॉलेसच्या निबंधातही आहे, पण वाचकाला ते डोळ्यांसमोर दिसते डार्विनच्या कबुतरांमुळे. दुसरे असे की, वॉलेसने सुचवलेला उपाय दुखण्याहून महाग पडला. ‘निवड’ने लोकांना निवडणारा शोधायला लावले, ‘फिटेस्ट’ने बलवानाला योग्य ठरवले. मराठीत तर त्यासाठी ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण तयारच होती. ती डार्विनच्या नावावर खपवली की दुबळ्यावरचा अन्याय निसर्गनियमासारखा दिसू लागतो.

या समजाला उत्तर डार्विनच्याच ग्रंथात आहे. मदैरा बेटावरच्या भुंगेऱ्यांच्या ५५० जातींपैकी २०० जातींना उडताच येत नाही, अशी वोलस्टनची नोंद तो देतो. तिथे दणकट पंखांनी भरारी घेणारा भुंगेरा वाऱ्याने समुद्रात जाण्याचा धोका अधिक. दुबळ्या पंखांचा जमिनीला धरून राहतो आणि वंश चालवतो. पंख न वापरण्याचाही यात वाटा असावा, असे डार्विन मानत होता. तरी मुख्य मुद्दा स्पष्ट आहे. त्या बेटावर बळी तो बुडतो.

म्हणून ‘नैसर्गिक निवड’ हा शब्द टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. तो रुळला आहे. तो शिकवताना बियाण्याबरोबर तांदळाचे ताटही विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, आणि ‘फिटेस्ट’साठी ‘बलिष्ठ’ऐवजी ‘त्या जागी, त्या काळी तगणारा’ असे म्हणावे. शब्द लांबेल, पण वॉलेसला जे सांगायचे होते ते पोचेल.